बेरीज एक येईना: एका क्यूबिटच्या प्रोजेक्टचं प्रकरण

"सर, बेरीज एक येईना."

फेब्रुवारीतला शनिवार, कॉलेज सुटलेलं, आणि एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी चार कागद घेऊन स्टाफरूमच्या दारात. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ती रोज बेळगावला येते. एक वाजून गेला की तिचं अर्धं लक्ष बसकडे असतं. त्या दिवशी मात्र तिनं दोन बस सोडल्या.

हे प्रकरण लिहून ठेवायचं कारण असं, की त्यात चूक तिची कमी आणि माझी जास्त होती. मी शिकवतो तशाच पद्धतीनं हा विषय शिकवणारे इतरही तीच चूक करत असतील असा माझा दाट संशय आहे.

विषय

एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. तेव्हापासून दर दुसऱ्या पोराला प्रोजेक्टमध्ये 'क्वांटम' हा शब्द हवा असतो. बहुतेक जण तीन आठवड्यांत सोलर सेलवर परत येतात. ही आली नाही. तिनं विषय घेतला होता: एकमितीय वेव्हगाइडमधून, म्हणजे लाटेला एकाच रेषेत नेणाऱ्या वाटेतून, फोटॉन येतो, वाटेत एक क्यूबिट, म्हणजे ऊर्जेच्या दोनच पायऱ्या असलेली वस्तू, बसलेला आहे, तर पुढे काय होतं?

आमच्याकडे असल्या प्रयोगाला लागणारा फ्रिज नाही, असायची शक्यताही नाही. इथले क्यूबिट म्हणजे चिपवरची ॲल्युमिनियमची सर्किटं. ती अणूसारखी ठरावीक पायऱ्यांवरच ऊर्जा घेतात. सर्किट असं वागू शकतं हे ज्यांनी १९८४-८५च्या सुमारास दाखवलं त्या जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५चं नोबेल मिळालं. फोटॉन असतात साधारण ६ गिगाहर्ट्झचे, म्हणजे मायक्रोवेव्ह. अशा एका फोटॉनची ऊर्जा खोलीतल्या उष्णतेच्या धडपडीच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढी. म्हणून सगळं निरपेक्ष शून्याच्या वर १०-२० मिलिकेल्विनवर ठेवावं लागतं. तिथं गणित उलटतं, आणि फोटॉनची ऊर्जा उष्णतेच्या निदान चौदापट भरते. आम्ही कागदावर आणि लॅपटॉपवरच करणार होतो, त्यामुळे थंडीचा प्रश्न नव्हता.

'एकमितीय' याला इथं सगळा अर्थ आहे. मैदानात उभ्या माणसावर आदळलेला आवाज चहूकडे पांगतो. उसाच्या पाटात ढेकूळ पडलं तर लाटेला दोनच वाटा: पुढं, नाहीतर मागं. वेव्हगाइड हा असा पाट. जुंग-त्सुंग शेन आणि शानहुई फान यांनी २००५मध्ये याचं गणित मांडलं. उत्तर ऐकायला विचित्र आहे. फोटॉनची वारंवारता क्यूबिटशी बरोबर जुळली तर एकटा क्यूबिट तो फोटॉन पूर्णच्या पूर्ण परत पाठवतो.

पोरांना हे पटवताना मी आधी एक गैरसमज काढतो. क्यूबिट ही भिंत नाही. आलेली लाट पलीकडे जातेच. क्यूबिट तिच्यानं हलतो आणि स्वतःची लाट दोन्ही बाजूंना सारखी सोडतो. पुढच्या बाजूला त्याची लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी पडते. पलीकडे काही दिसत नाही, कारण तिथं दोन लाटा गेल्या आणि एकमेकींना खाऊन बसल्या. मागच्या बाजूला खायला कोणी नाही, म्हणून तिथं सगळं मिळतं.

तीन आठवडे

तिनं घेतलेले आकडे साधे होते. क्यूबिटची वेव्हगाइडमध्ये ऊर्जा सोडण्याची रुंदी १० मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याचं आयुष्य सुमारे १६ नॅनोसेकंद. शिवाय खऱ्या क्यूबिटसारखं वाटावं म्हणून थोडी डगमग, म्हणजे त्याचा ताल सुटत जाणं, ज्याला आम्ही डीफेजिंग म्हणतो, ती १ मेगाहर्ट्झ. फोटॉनांचा मारा अगदी क्षीण. अनुनादावर, म्हणजे वारंवारता क्यूबिटशी बरोबर जुळलेली असताना, उत्तर आलं: पलीकडे गेलं २.८ टक्के, परत आलं ६९.४ टक्के. बेरीज ७२.२; एक, म्हणजे शंभर टक्के, नाही.

उरलेले २७.८ टक्के कुठं गेले?

मी कागद बघितले आणि म्हणालो, "कोडमध्ये चिन्ह चुकलंय. तपास." माझी चूक ती हीच. ऊर्जा कुठं जात नसते, तेव्हा बेरीज एक आलीच पाहिजे. नाही आली तर प्रोग्रॅम चुकला. अशी सवयीची पट्टी मी लावली आणि चहाला गेलो.

तिनं चिन्ह तपासलं. वेळेची पायरी दहापट बारीक केली. समीकरणं हातानं पुन्हा मांडली. दर वेळी ७२.२. तिसऱ्या आठवड्यात तिनं, सांगताना मला अजून लाज वाटते, कोडमध्ये तिसरी वाट घातली. तिला नाव दिलं 'खड्डा', आणि २७.८ टक्के त्या खड्ड्यात टाकून बेरीज एक करून आणली. तारीख जवळ आली की पोरं हेच करतात. आणि गाइडनं उत्तर आधीच ठरवून ठेवलं असलं की दुसरं काय करणार?

दुसरा प्रश्न, जो पहिल्यापेक्षा जड निघाला

व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, रंगीत तालीम होती. इलेक्ट्रॉनिक्सचे एक निवृत्त सर मुद्दाम बोलावले होते. वारंवारतेनुसार पलीकडे किती गेलं त्याचा आलेख तिनं दाखवला: मध्ये खोल खाच, म्हणजे डिप, दोन्ही बाजूंना सपाट. सर म्हणाले, "बाळ, असला डिप मी तुला दोन-अडीच मीटर वायरीनं काढून दाखवतो. मग ह्यात क्वांटम कुठं आलं?"

ती गप्प. मीही गप्प, कारण मला एकदम आमची गल्ली आठवली.

मी कॉलेजात असताना आमच्याकडे, बेळगावातल्या शहापुरात, केबल टीव्ही आला होता, जुना, ॲनालॉग. एके दिवशी एक मराठी चॅनल गेलं. बाकीची सगळी ठीक, त्याच्या शेजारच्यांवर थोड्या मुंग्या, आणि ह्याच्यावर नुसत्या मुंग्या. सीमाभागात मराठी चॅनल गेलं की माणूस आधी राजकारणाकडे बघतो, वायरीकडे नंतर. "मुद्दाम पाडलंय," असं कट्ट्यावर ठरलं. मंडळानं निवेदनाचा मसुदासुद्धा लिहिला. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. गल्लीच्या वरच्या अर्ध्या घरांत तेच चॅनल स्वच्छ दिसत होतं.

केबलवाला छोटा टीव्ही काखेत मारून घराघरांतून फिरला. जिथून खाली चॅनल जात होतं त्या घरात रंगकाम झालं होतं. माडीवरचा टीव्ही काढला होता, पण त्याची वायर मुख्य वायरीला पीळ मारून तशीच जोडलेली, आणि कपाटामागे कापून सोडलेली. दीड वीत असेल. त्यानं ती उचकटली आणि चॅनल आलं. मंडळाचा मसुदा कोणी फाडला ते माहीत नाही.

त्या काळी १७५ मेगाहर्ट्झच्या आसपास चॅनल असायची. फोमच्या कोॲक्सिअल वायरीत लाट प्रकाशाच्या सुमारे ८३ टक्के वेगानं जाते, म्हणजे तिथं लाटेची लांबी १.४२ मीटर आणि तिचा चौथा हिस्सा ३५ सेंटिमीटर: बरोबर दीड वीत. टोक उघडं सोडलेली एवढी वायर जोडावर त्या वारंवारतेपुरती चक्क शॉर्ट होते. ते एक चॅनल तिथून मागं फिरतं, बाकीची पुढं जातात. वरच्या घरांना दिसत होतं आणि खालच्यांना नाही, त्याचं कारण एवढंच.

लॅबमधला सोमवार

सोमवारी आम्ही तेच केलं. लाट सोडायला फंक्शन जनरेटर, ती पडद्यावर बघायला डीएसओ, त्यावर लाट परत फिरू नये म्हणून ५० ओहमचा टर्मिनेटर, मध्ये बीएनसीचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि टीच्या तिसऱ्या तोंडाला अडीच मीटर आरजी-५८ कोॲक्सिअल वायर, टोक उघडं. आरजी-५८मध्ये वेग प्रकाशाच्या ६६ टक्के, तेव्हा डिप १९.८ मेगाहर्ट्झला यायला हवा. नॉब फिरवत गेलो आणि त्याच्या किंचित अलीकडे पडद्यावरची लाट बसत बसत रेघ झाली. टीची स्वतःची थोडी लांबी धरली की तो फरक भरून निघतो. लॅबचे अटेंडर डोकावले, "येनाय्तु री सर (काय झालं हो), सिग्नल गेला?" म्हणून. गेला नव्हता, मागं फिरला होता.

मग मी म्हणालो, "आता जोर वाढव." १०० मिलिव्होल्टपासून जनरेटरच्या कमाल जोरापर्यंत ती चढत गेली. डिपची खोली टक्क्यांत तेवढीच राहिली. वायरीला थोडं किंवा फार हे कळत नाही. दहापट द्या, दहापट परत करेल.

निवृत्त सरांचं खरं होतं. नुसता डिप क्वांटम नाही. तो पाटाचा गुण आहे: दोनच वाटा, आणि पुढच्या वाटेवर दोन लाटांची मारामारी. जपानमधल्या ओलेग अस्ताफिएव्ह यांच्या गटानं २०१०मध्ये एकट्या कृत्रिम अणूनं, म्हणजे असल्याच एका सर्किटनं, पलीकडे जाणारी ९४ टक्के शक्ती अडवली. त्या कामाचं मोल त्या एकाच आकड्यात बघणं ही आमच्या वर्गातली जुनी खोड. मी स्वतः दरवर्षी तोच आकडा फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारतो.

सरासरीचा वर्ग

बस सुटायला चाळीस मिनिटं होती. मी तिला तिच्या कोडमधली शेवटची ओळ वाचायला सांगितली. तिनं बाहेर येणाऱ्या लाटेची सरासरी काढली होती आणि तिचा वर्ग केला होता. शक्ती काढायची तर उलट क्रम हवा, आधी वर्ग, मग सरासरी.

ती आधी वडगावला मावशीकडे राहून शिकलेली, मागाच्या खडखडाटात. म्हणून मी धोट्याचं उदाहरण घेतलं. धोटा डावीकडे जातो, उजवीकडे जातो. त्याच्या जागेची सरासरी काढली तर तो कायम मागाच्या मधोमध. आता त्या सरासरीवरून म्हणशील का, की धोटा हलतच नाही? डगमगणारा क्यूबिट फोटॉन परत सोडतो, पण त्याचा ताल मूळ लाटेशी जुळलेला राहत नाही. एकदा डावा, एकदा उजवा. सरासरीत तो भाग कटतो, फोटॉन मात्र आहेत. ते दोन्ही बाजूंना सारखे जातात, थोड्या पसरलेल्या वारंवारतेनं.

तिनं शेवटची ओळ बदलली. तालात असलेला आणि बेताल भाग वेगवेगळे छापले. पलीकडे २.८ अधिक १३.९, अलीकडे ६९.४ अधिक १३.९. बेरीज शंभर.

'खड्डा' तिनं स्वतःच पुसला. मी काही बोललो नाही. बोलायचा अधिकार माझा उरला नव्हता.

यावरून ९४ टक्क्यांकडे पुन्हा बघावं लागतं. पलीकडे तालातली शक्ती ६ टक्के उरली तर आयामाच्या, म्हणजे लाटेच्या उंचीच्या, भाषेत ती सुमारे ०.२४५, म्हणजे परत येणारा आयाम ०.७५५ आणि त्याचा वर्ग ५७ टक्के. साध्या सूत्रानुसार अडवलं ९४, पण तालात परत आलं ५७. बाकीचं बेताल. 'अडवलं' आणि 'परत पाठवलं' हे दोन शब्द आम्ही एकच समजून चाललो होतो.

जोर वाढवला तर

आता वायरीला विचारलेलाच प्रश्न क्यूबिटला. डगमग शून्य केली, म्हणजे तक्रारीला जागा नको, आणि फोटॉनांचा मारा वाढवत नेला. तालातला आणि बेताल भाग ती दर वेळी मोजत गेली.

मारा अगदी क्षीण, दर सहा-साडेसहा मायक्रोसेकंदाला सरासरी एक फोटॉन, तेव्हा बेताल भाग २ टक्के. बाकी सगळं तालात परत. मारा दहापट केला: १६.५ टक्के. आणखी दहापट, म्हणजे ६४ नॅनोसेकंदाला एक: ५० टक्के. पलीकडे तालात २५, अलीकडे तालात २५, आणि निम्मी शक्ती बेताल. ही केवढी शक्ती? एका वॉटच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा अब्जावा भाग घ्या, त्याच्या साधारण साठपट. एवढ्यात क्यूबिट निम्मा हात टेकतो. पुन्हा दहापट केली तर बेताल भाग परत १६.५ वर उतरतो, पण आता ८२.६ टक्के शक्ती सरळ पलीकडे. क्यूबिट भरलेला आहे, त्याला विचारतो कोण.

माऱ्याच्या जोरानुसार बेताल भागाचा आलेख टेकडीसारखा निघाला. तिनं त्याच कागदावर आमच्या वायरीची रेघ काढली. वायरही थोडं खाते. आरजी-५८चा तोटा धरून हिशोब केला तर पाच-सहा टक्के उष्णतेत जातात, पण तो आकडा जोरावर अवलंबून नाही. म्हणून एक सपाट रेघ, आणि ही टेकडी. आम्हाला निवृत्त सरांना दाखवायचं होतं ते एवढंच, तालातल्या बेरजेतली तूट जोराबरोबर चढते आणि उतरते. वायरीनं हे होत नाही. साध्या लंबकानं होत नाही. पायऱ्या दोनच आहेत आणि वरच्या पायरीवर एक बसला की दुसऱ्याला जागा नाही, अशा वस्तूनंच होतं.

मग तिनं डगमग परत घातली. टेकडीचा डावा पाय जमिनीवर आलाच नाही, २७.८ वर थांबला. पहिल्या शनिवारी दारात उभं राहून तिनं मला जो आकडा दाखवला होता तो हा पाय. चूक नव्हती, मोजमाप होतं. क्षीण माऱ्यालाही जी तूट उरते ती डगमगीची, माऱ्याबरोबर जी वाढते ती क्यूबिटच्या दोन पायऱ्यांची. एकाच आलेखात दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्या वेगळ्या काढायला जोर बदलण्याशिवाय दुसरा स्वस्त उपाय नाही.

दोन फोटॉन

खरी गंमत दोन फोटॉन एकदम आले की. शेन आणि फान यांनी २००७मध्ये तेही सोडवलं. एकच खुर्ची असलेलं सलून डोळ्यापुढे आणा. खुर्चीतून उठून परत फिरणारी गिऱ्हाइकं एकेकच दिसणार, दोघांमध्ये अंतर राखून. जोडीनं आलेल्यांना मात्र पुढं निसटायची संधी जास्त. परत येणारा प्रवाह एकेकटा, पलीकडे गेलेला जोडीजोडीनं. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटानं २०१२मध्ये हे मायक्रोवेव्हवर मोजून दाखवलं. सलूनची उपमा इथंच थांबवावी; गिऱ्हाइकं एकमेकांना खात नाहीत, लाटा खातात.

हा भाग तिच्या रिपोर्टमध्ये दीड पान आला. तिला दोन क्यूबिट, त्यांच्यातलं अंतर, एकत्र चमकणं, असं सगळं करायचं होतं. २०१३मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ते झालेलंही आहे. मी नको म्हणालो. तारीख मे महिन्यातली होती आणि तीन आठवडे मी आधीच खाल्ले होते.

व्हायवा

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सुरुवातीची पानं भराभर उलटली आणि टेकडीवर थांबले. व्हायवा इंग्रजीत चालते, पण हे मूळचे निपाणीकडचे, तिचं आडनाव वाचून मराठीत आले. पेनाचं टोक डाव्या पायाशी टेकवलं.

"हा पाय खाली का येईना? कोड चुकलाय का?"

"नाही सर," ती म्हणाली, "तो क्यूबिट तिथं डगमगतोय. फोटॉन गेलेले नाहीत, ताल गेलाय. पुढच्या पानावर दोन्ही वेगळे छापलेत."

त्यांनी पान उलटलं. मी शेजारीच बसलो होतो. उत्तर देताना तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.